पंप थंड होईपर्यंत

होळी होऊन गेली की आमच्या स्वयंपाकघरात एक वास येतो. समोर आता टॉवर उभे राहिलेत, खाडी दिसत नाही, पण वासाला वाट सापडते. आधी मला वाटतं की आपलंच काहीतरी करपलं. मी गॅस बघते. मग लक्षात येतं, मागे खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, कुठेतरी सुकं गवत पेटलंय. घाबरण्यासारखं काही नसतं, दरवर्षी पेटतं. मी मात्र तेवढा वेळ कशाचीच खात्री नसल्यासारखी ओट्याशी उभी राहते.

परवा मी मोहनला विचारलं, "आपल्याकडे आग लागली ते साल कुठलं होतं?" मोहन म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, "दोन हजार सहा." मला पाच वाटत होतं. तो म्हणाला, शनिवार होता, म्हणून तो घरी होता. माझ्या आठवणीत तो घरी नव्हताच. आम्ही दोघं एकाच घरात राहत होतो, आणि त्या दिवशी तो घरात होता की नाही यावर आमचं आजही एकमत नाही.

लालबागहून आम्ही इकडे आलो तेव्हा खारी गावाच्या कडेला आमची बिल्डिंग शेवटची होती. तिसरा मजला. खिडकीखाली गावाची कौलं, त्यापलीकडे खाडीचा एक फाटा आणि त्याच्या काठाला लागून सहा घरांची एक रांग. घरांच्या मागच्या दारातून पायऱ्या उतरल्या की पाणी. त्यापुढे खाजण, मिठागरं आणि मिठाचे पांढरे ढीग. खाजणातलं गवत काठाकाठाने घरांपर्यंत आलेलं; मार्च-एप्रिलात ते आधी पिवळं होई, मग राखाडी. दुपारी वारा सुटला की त्याचा आवाज येई, कुणीतरी सतत कागद चुरगळतंय असा. काठावर सुकत घातलेल्या जवळ्याचा वास सगळ्या जिन्यात भरून राही. पाहुणे नाक मुरडत. मला त्या वासाची सवय कधी झाली, ते मात्र आठवत नाही.

माझं केबिन रोडवर छोटं दुकान होतं, झेरॉक्स आणि डीटीपीचं. खरं म्हणजे अर्धं दुकान. पुढच्या अर्ध्यात एक गुजराती काका वह्या-पेनं विकत. तो काळ लग्नसराईचा. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" टाइप करून करून बोटांना ते पाठ झालं होतं, डोळे दुसरीकडे असले तरी बोटं बरोबर जायची. अशाच एका दुपारी विलास आला. तो खारीच्या मंडळाचा सेक्रेटरी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान, बोलायला गोड. त्याच्या हातात इंग्रजी पुस्तिकेची झेरॉक्स होती.

"ताई, याचं मराठी करून द्याल? एका पानात. मोठ्या अक्षरात."

ती आगीच्या पंपाची पुस्तिका होती. आदल्या वर्षी गवताच्या वणव्यात काठावरचा एक गोठा गेला होता. गावातली गल्ली इतकी अरुंद की बंब तोंडाशीच अडकला. मग कुणीतरी मंडळाला हा पंप दिला. दोन माणसांनी उचलायचा, पेट्रोलवर चालणारा. सक्शनचा जाड पाइप खाडीत सोडायचा आणि दुसऱ्या बाजूच्या होजने पाणी मारायचं. घरं पाण्याच्या काठावरच होती, त्यामुळे बंबाची वाट बघायची गरज नाही अशी कल्पना. मिळाल्यापासून पंप ताडपत्रीखाली पडून होता.

मला त्यातला एक शब्द समजला, तर पुढचे तीन समजत नव्हते. शब्दाला शब्द ठेवून बघितला तर हसू येईल असं वाक्य व्हायचं. शेवटी मी विलासला म्हटलं, "मला पंप दाखव. बघितल्याशिवाय जमणार नाही."

असा माझा आणि गोमाकाकांचा संबंध आला. गोमाकाका साठीच्या पुढचे, सगळं आयुष्य रेतीच्या बोटीवर इंजिन चालवण्यात गेलेले. अक्षरओळख नव्हती. गावाने पंप त्यांच्या हवाली केला होता आणि ते त्याच्याशी गुरासारखे बोलत. मी पुस्तिकेतली आकृती दाखवून विचारलं, हे पंपात आधी पाणी भरा म्हणतायत ते कशाला, पाणी तर खाडीतून येणारच आहे ना.

"बाय, त्याच्या पोटान हवा हाय," ते म्हणाले. "हवा हाय तवर तो खाडीचा पानी वढाचा न्हाय. आदी त्याला पानी पाजाचा, मंग त्याच्याकरनं काम घ्याचा."

मी तसंच लिहिलं. 'सुरू करण्याआधी पंपाला पाणी पाजावे. पाण्याविना इंजिन चालवू नये.' बाकीचंही असंच एकेक करत उतरलं. पंप बंद खोलीत चालवू नये, धूर जीव घेतो. सक्शनच्या पाइपाचे सांधे घट्ट करावेत. पाइपाचं तोंड चिखलात जाऊ देऊ नये. यावर गोमाकाकांनी ते तोंड एका वेताच्या टोपलीत बसवून बांबूला बांधलं, म्हणजे ओहोटीतही ते चिखलाच्या वर राहील. हे पुस्तिकेत नव्हतं, तरी मी कागदावर घातलं. होज दोघांनी धरावा. पाण्याचा कॉक हळू उघडावा. काम झाल्यावर गोडं पाणी फिरवून घ्यावं, नाहीतर खारं पाणी आतून खाईल.

दर रविवारी सकाळी सराव सुरू झाला. मी हौसेने जायची. कागद वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी एक ओळ वाचायची आणि ते तेवढंच करायचे. पेट्रोलचा वास, उघड्या चिखलाचा वास, आणि होजमधून पाणी आलं की तो आडवा पडलेला पाइप एकदम अंगात आल्यासारखा ताठ व्हायचा. रांगेतल्या शेवटच्या घरातल्या यमुनाआत्या पायरीवर बसून सगळं बघत. त्या विलासच्या सख्ख्या आत्या, एकट्याच राहत, मासळी विकत. सराव संपला की त्या मला काळा चहा देत. कपात बघत मी म्हणायची, अर्धाच द्या. त्या पूर्ण द्यायच्या.

आता त्या एका ओळीबद्दल सांगते.

पुस्तिकेत एक सूचना चौकटीत होती. इंजिन चालू असताना किंवा तापलेलं असताना पेट्रोल भरू नये. बंद करून अमुक इतकी मिनिटं थांबावं. ही अमुक मिनिटं नेमकी पानाच्या घडीवर होती आणि झेरॉक्समध्ये तिथे काळा पट्टा आला होता. आकडा एकअंकी होता की दोनअंकी, तेही कळत नव्हतं. माझ्या धंद्याची साधी शिस्त आहे, गिऱ्हाइकाचं अक्षर लागलं नाही तर विचारायचं. पत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव आपण अंदाजाने घालत नाही. मूळ पुस्तिका कुणाकडे आहे हे विलासला विचारायचं मी ठरवलं होतं. पण त्या दिवशी दोन पत्रिका संध्याकाळी द्यायच्या होत्या. मी टाइप केलं, 'थोडा वेळ थांबून, इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे.' ठळक अक्षरात. नंतर विचारू म्हटलं. मग लॅमिनेशन झालं, कागद पंपाच्या शेडमध्ये लागला आणि चकचकीत झालेला तो मजकूर मलाही पूर्ण वाटायला लागला.

त्या दुपारी मी जेवायला घरी आले होते. मोहन होता किंवा नव्हता. खालून विलासची हाक आली, "ताई, चला. गवत पेटलंय." मी खिडकीतून बघितलं तर धुराचा पट्टा घरांकडे सरकत होता, वारा पाठीशी घेऊन. मी का गेले, हे मी नंतर स्वतःला खूप वेळा विचारलं. मंडळात मी नव्हते, गावची नव्हते. बहुतेक सरावात दर वेळी मीच वाचायची म्हणून गेले. माझ्या आवाजाशिवाय त्यांचे हात चालणार नाहीत असं त्यांना वाटलं असेल, किंवा मला.

अष्टमी होती. गोमाकाका म्हणाले, ओहोटी हाय पन भांगाचा पानी हाय, भेव न्हाय. अष्टमीच्या सुमाराला ओहोटीतही पाणी फार उतरत नाही; फाट्यात कंबरभर होतं. मी वाचत गेले आणि ते करत गेले. टोपली पाण्यात. पंपाला पाणी. दोरी ओढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन धरलं. होजच्या तोंडाशी विलास आणि समोरच्या चाळीतला एक भाडेकरू होता. तो ओरडत होता, "धीरे खोलो, काका, धीरे खोलो." पाणी आलं. पेटलेल्या गवतामागे न धावता आधी घरं भिजवायची, हे गोमाकाकांनी ठरवलेलं होतं. वाऱ्याच्या तोंडावरचं पहिलं घर, मग दुसरं, तिसरं. कौलांवरून पाणी पागोळ्यांनी पडत होतं. खाऱ्या पाण्याचे थेंब ओठांवर येत होते. मला तेव्हा आनंद झाला होता, हे सांगायला अवघड वाटतं, पण झाला होता. मी लिहिलेलं एक पान चालत होतं.

पाचव्या घरापर्यंत पोचलो आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं.

डबा वीस पावलांवर सावलीत ठेवलेला होता, कागदावर लिहिलं होतं तसा. विलास होज टाकून धावला, डबा घेऊन आला आणि झाकण उघडायला लागला. त्याच्या आत्याचं घर सहावं. आग तिच्या पडवीमागच्या गवतात शिरली होती आणि पडवीवर पेंढा होता, त्यावर जुनी जाळी. गोमाकाकांनी त्याचा हात धरला.

"थांब. बाय, कागदावर काय हाय?"

त्या प्रश्नाचं मला अजून कोडं आहे. चाळीस वर्षं इंजिनाजवळ काढलेला माणूस, जिने आयुष्यात स्कूटरही चालवली नाही अशा बाईला विचारत होता, कारण तिच्याकडे कागद होता.

मी वाचलं. "थोडा वेळ थांबून, इंजिन थंड झाल्यावरच."

"थोडा वेळ म्हणजे किती?" विलासने विचारलं. आवाज चढवला नव्हता त्याने. तो माझ्याकडे बघत होता आणि बाकीचेही बघत होते.

मी म्हटलं, "दहा मिनिटं."

हा आकडा कुठून आला, सांगता येत नाही. काळ्या पट्ट्याखाली दहा असू शकत होते. पाच असू शकत होते, दोनही. कुकर उतरवल्यावर मी दहा मिनिटं थांबते, कदाचित तिथून आला असेल. मी घड्याळ बघितलं. एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. सबंध दिवसात मला खात्री आहे अशी एवढी एकच गोष्ट.

लोक घागरींनी पाणी मारायला लागले. काहींनी यमुनाआत्यांच्या घरातलं सामान बाहेर काढलं. ट्रंक, हंडे, टीव्ही, देव. पडवीवरची जाळी आधी वितळली, मग पेंढा एका दमात गेला. इंजिनावरची हवा उन्हातल्या डांबरासारखी हलत होती. विलास डबा धरून उभा होता. त्याचे पाय सारखे पुढे यायचे आणि मी त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये उभी होते. त्याने मला ढकललं असतं तर मी बाजूला झाले असते. त्याने ढकललं नाही.

सातव्या मिनिटाला गोमाकाकांनी उलटा हात इंजिनाजवळ नेला, मग टाकीवर ठेवला. म्हणाले, "आता चालंल."

मी म्हटलं, "नको. अजून तीन मिनिटं आहेत."

त्यांनी हात काढून घेतला.

त्या तीन मिनिटांत यमुनाआत्यांच्या घराचे वासे पेटले. आधी कौलांमधून धूर आला, मग एक कौल फुटलं, मग बरीच. एक बत्तीसला मी मान हलवली. पेट्रोल भरलं, डबा परत लांब नेऊन ठेवला, इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. पाणी मारून पाचवं घर वाचवलं, आणि पाचही घरं वाचली. मग बंबाची माणसं गल्लीच्या तोंडापासून लांब पाइप ओढत आली आणि राहिलेलं त्यांनी विझवलं. कुणाला काही झालं नाही. सहाव्या घराच्या चार भिंती राहिल्या.

लोक माझ्याशी चांगलं वागले. एका बाईने माझ्या तोंडावरची राख पदराने पुसली. मला मात्र कुणी काय बोलतंय ते लागत नव्हतं. मी लॅमिनेट केलेला कागद छातीशी धरून घरी आले, हे मला तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळलं.

मोहन त्या रात्री म्हणाला, "तू बरोबर केलंस. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं असतं तर विलास पेटला असता." खरं होतं. मग मी म्हटलं, "सातव्या मिनिटालाही?" तो म्हणाला, "ते कुणाला माहीत."

काही दिवसांनी पंप बघायला एक मेकॅनिक आला. मी मुद्दाम गेले आणि त्याला विचारलं, किती मिनिटं थांबायचं. तो म्हणाला, "मॅडम, ते ऊन किती, वारा किती, इंजिन किती वेळ चाललं, त्यावर आहे. पाचमध्ये पण होतं. कधी पंधरा पण लागतात." मी म्हटलं, पुस्तिकेत काय आहे. तो म्हणाला की या मॉडेलची पुस्तिका त्याने कधी वाचलेली नाही.

मी गोमाकाकांकडे गेले. ते जाळं विणत बसले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही तेव्हा म्हणालात आता चालेल, आणि मी नको म्हटलं. मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

त्यांनी विणणं थांबवलं. "मी असा बोल्लो?"

"हो. हात लावून बघितलात आणि बोललात."

"मना न्हाय आठवत," ते म्हणाले. जाळ्याची एक गाठ ओढून पुन्हा म्हणाले, "न्हाय बाय. मी गप व्हतो."

विलासला विचारलं तर तो म्हणाला, आपण दहा मिनिटं थांबलोच नव्हतो, पाचच थांबलो असू. भाडेकरू म्हणाला, मी खूप ओरडत होते. माझ्या कानात माझा आवाज अगदी हळू आहे. आम्ही चौघं एका इंजिनाभोवती उभे होतो आणि प्रत्येकाकडे वेगळी दुपार आहे. कधी वाटतं, त्यांनी मला सांभाळून घेण्यासाठी आठवणी बदलल्या. कधी वाटतं, मीच माझी आठवण बदललीय. ते म्हणतात तसंच घडलं असेल आणि मी उगाच ती तीन मिनिटं तयार करून उराशी धरून बसलेय.

पावसाळा संपल्यावर मंडळाला नवा कागद हवा होता. विलास दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, त्या ओळीत 'थोडा वेळ' काढा, 'दहा मिनिटे' घाला. आता सगळ्यांना पाठच झालंय." मी त्याला खरं सांगितलं. काळा पट्टा, पत्रिकांची घाई, आकडा माझ्या मनाचा, सगळं. गुजराती काका पुढे पेनं मोजायचे थांबले. विलासने ऐकून घेतलं. मूळ पुस्तिका कुठे गेली, ते त्यालाही माहीत नव्हतं. मग म्हणाला, "राहू दे ना ताई. लोकांना आकडा लागतो. चुकला तरी जास्तीचाच चुकलाय." मी 'दहा मिनिटे' टाइप केलं. पुढे ऐकलं की शेजारच्या गावातही तसाच पंप आला आणि तिकडेही लोक दहाच मिनिटं थांबतात. त्यामुळे कुणाचे हात वाचले असतील तर चांगलंच आहे. पण माझ्या तोंडून निघालेला एक अंदाज आता नियम म्हणून फिरतोय, आणि तो चूक की बरोबर हे मला आजही माहीत नाही.

यमुनाआत्या त्याआधीच एकदा दुकानात येऊन गेल्या होत्या. आगीनंतर तीनेक आठवड्यांनी. तोवर मी त्यांच्या बाजूला फिरकले नव्हते. त्या भावाकडे राहत होत्या आणि सकाळी मासळी विकायला बसत होत्या, एवढं कानावर होतं. दुपारची वेळ, टोपली रिकामी करून त्या सरळ आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांना घर जळाल्याचा अर्ज टाइप करून हवा होता.

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. नाव, घर, कुठे, कधी. काय काय जळालं. पलंग, दोन कपाटं, नवऱ्याचा फोटो, जाळी. मी टाइप करत होते आणि बोटं सारखी चुकत होती. मग 'आग कशी लागली व विझवण्याचे काय प्रयत्न झाले' हे आलं. मी पडद्याकडे बघतच विचारलं, "पंप मध्ये बंद ठेवला होता, ते लिहू का?"

"लिव," त्या म्हणाल्या. "झाला तसा लिव."

मी लिहिलं. 'पेट्रोल संपल्याने पंप दहा मिनिटे बंद ठेवावा लागला.' वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. प्रिंट काढली, त्यांनी अंगठा दिला, मी कापडाने त्यांची शाई पुसली. तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि त्या म्हणाल्या,

"तवा तू मना एकदाबी बगलं न्हाईस."

मी म्हटलं, "मी घड्याळ बघत होते, आत्या."

"हां," त्या म्हणाल्या. "आन मी तुला बगत व्हते. घराला न्हाय. सगला वेल तुलाच."

मला विचारायचं होतं, का. माझ्या तोंडावर काय दिसलं तुम्हाला. तुम्हाला राग आला होता की माझी दया आली होती. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ घेऊन आत आलं. आत्या उठल्या, अर्जाची घडी करून पोलक्यात ठेवली, टोपली काखेत घेतली आणि केबिन रोडच्या गर्दीत गेल्या. मी दारापर्यंत गेले होते. त्यांनी मागे वळून बघितलं की नाही, ते मला सांगता येत नाही, कारण ऊन थेट डोळ्यांवर होतं.